भरावाखालची टकटक

शेतमाल दूरच्या बंदरावर नेणाऱ्या नव्या रेल्वेमार्गावरून त्या दुपारी पहिली मालगाडी धावणार होती. ठेकेदार शेवटचा मातीचा भराव पाहायला एकटाच गेला, तर तिथे एक बाई रुळाला कान लावून बसलेली.

त्याने तिला ओळखलं. हा भराव खचला तेव्हा तिचा भाऊ खाली गाडला गेला होता. काम रखडेल म्हणून ठेकेदाराने उकरू दिलं नाही. वर आणखी माती लोटली आणि तिला सांगितलं, "तुझा भाऊ पळून गेला."

"ऊठ, गाडी येईल आता," तो खेकसला.

"दादाशी बोलतेय," ती म्हणाली आणि दगडाने रुळावर टकटक केली.

खालून तशीच टकटक आली.

ठेकेदार दोन पावलं मागे सरला. "लोखंड तापलं की वाजतंच."

"मग ऐका की. घाबरता कशाला?"

बाईमाणसासमोर घाबरलो कसं म्हणायचं? तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने कान टेकवला. भर उन्हात रूळ बर्फासारखा गार होता. त्याने मान उचलून पाहिली. कान सुटेना.

"बाई, ओढ मला! पाया पडतो तुझ्या!"

ती कपड्यांवरची माती झटकत उठली. "दादाने एकदा धरलं की सोडत नाही. लहानपणापासूनची खोड आहे त्याची."

दूर शिट्टी वाजली. रूळ थरथरू लागला. आणि ठेकेदाराच्या कानाशी कुणीतरी अदबीने म्हणालं, "जरा सरकतो, साहेब. दोघांना पुरेल जागा."