वाढीव वॉरंटी

लॅपटॉप अकस्मात बंद पडला, तेव्हा घरी बसून चालणारी आपली नोकरी आता हातची जाणार, या भयाने धनलक्ष्मीचे अवसान गळाले. सासूबाई नागव्वांनी तिला पोटाशी धरले, पदराने तिचे डोळे पुसले. विवाहानंतर प्रथमच या घरात तिला आईची माया लाभली.

वाढीव वॉरंटी घेतलेली होती. दुरुस्ती साधेना, तेव्हा दुकानदाराने नवाकोरा लॅपटॉप तिच्या हाती ठेवला. घरी येताच तिने तो आधी सासूबाईंच्या पायांशी नेऊन ठेवला.

"अत्ती, बदलून मिळाला! नोकरी वाचली."

नागव्वांचा चेहरा उतरला.

"वाचली व्हय? आन् ती सुटावी म्हणून बोललेला नवस मी कालच सिद्धेश्वराला फेडून आले की गं!"