तापलेली सळई

अकोल्याच्या कापूसपेठेत यंदा नवा नियम आला होता. गाठ बांधण्याआधी प्रत्येक बोज्यात लोखंडी सळई खुपसून ठेवायची आणि ती गरम निघाली तर माल परत करायचा. कारण ओला कापूस आतल्या आत तापतो आणि भर समुद्रात जहाज पेटवतो. मनकर्णा नव्या बायांना हे काम शिकवत होती, आणि पहिलाच बोजा निघाला तिच्या भावाचा. सळई चांगलीच तापलेली होती. "वजनासाठी पानी तं समदेच मारतात, बाई," भाऊ चिडला. "अन् थो समुद्र कोनं पाह्यला?" "तुह्या भाच्यानं." खलाशी झालेला तिचा लेक मागल्या साली अशाच जहाजावर जळून मेला होता. मनकर्णेनं ती सळई भावाच्या तळहातावर ठेवली. मग ती बायांकडे वळली. "पाह्यलं नं सगळ्यायनं? गरम निंगाली तं अशी मालकाच्या हाती द्याची. आना पुढचा बोजा."