हुबेहूब बकुळ

"देवव्रत, तुम्ही तुमची बकुळ व्हा," सहशिक्षिका इंदूताई म्हणाल्या आणि त्यानं दाराकडे पाहिलं.

काशीतल्या ब्रह्मा घाटाजवळच्या मराठी शाळेत शिक्षकांचं शिबिर चाललं होतं. साल शहाण्णव. अपंग मुलांसाठी नवा कायदा आला होता, म्हणून लखनौहून प्रशिक्षक बाई आल्या होत्या. प्रत्येकानं आपल्या वर्गातलं एक मूल व्हायचं आणि बाकावर बसून पाहायचं, असा त्यांचा खेळ होता. देवव्रतच्या वर्गातली बकुळ बोलताना अडखळे.

देवव्रतही अडखळे. शाळेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. वेद म्हणताना त्याची जीभ कधी अडली नाही, म्हणून संस्कृतचा अख्खा तास तो सुरात घेई. एरवी मान हलवून भागवी. काशीत कमी बोलणारा माणूस आपोआप विद्वान ठरतो, तेव्हा छान निभावलं होतं. नोकरी मात्र अजून कच्ची होती, आणि ती पक्की करणारे मुख्याध्यापक ढुंढिराजपंत समोरच्याच खुर्चीत बसले होते.

तो बाकावर बसला.

खेळात त्याची शिक्षिका झालेल्या इंदूताईंनी विचारलं, "बाळ, तुझं नाव काय?"

"ब... ब... ब..." पुढे येईना. मान ताठली, डोळे मिटले. संपलं, गेली नोकरी, त्याला वाटलं.

"बस हं बाळ. तुला पुन्हा नाही विचारणार," इंदूताई सुरात म्हणाल्या.

इंदूताईंचा वर्ग शेजारचाच. हे त्याचंच वाक्य त्यांनी भिंतीपलीकडून शंभरदा ऐकलेलं. तो बकुळला हेच म्हणे, असंच मायेनं, सुरात. आपण पोरीची लाज राखतो, असं त्याला वाटे. आज बाकावर बसून ऐकताना त्याला रडू फुटायचंच काय ते बाकी राहिलं. असं वाटलं, आता आपल्याला कधीच कुणी काही विचारणार नाही.

तेवढ्यात टाळ्या पडल्या. ढुंढिराजपंत उठून उभे राहिले. "वाह, क्या बात है! हुबेहूब बकुळ! मान गए, शास्त्रीबुवा!"

म्हणजे तो सुटला होता. हसून मान हलवली की झालं.

तो उभा राहिला.

"न... न... नक्कल नाही."

हशा पिकला. त्यानं तो ओसरू दिला. मग इंदूताईंकडे वळून, सूर न लावता, तो म्हणाला,

"मी द... द... देवव्रत. म... मला प... पुन्हा विचारा."