एक माणूस वाचला

१९७४ साली हिंगणा रोडवरच्या, जीपच्या ब्रेकच्या पिना बनवणाऱ्या कारखान्यात सुधारणा करायला पुण्याहून स्टॉपवॉचवाला साहेब आला. तो कामाचा वेळ मोजत दिवसभर मागे उभा राहिला, तसं ड्रिल मशीनवरच्या धोंडबाचं डोकं सणकलं.

"घडी काय पाहून राहिले, साहेब? पार तिकडच्या लेथवरून टोपले आणून आणून जीव चालला माहा! दोन्ही मशिनी जवळ आणा ना!"

साहेबानं टिपून घेतलं. आठवड्याभरात मशिनी शेजारी-शेजारी आल्या.

शनिवारी मालकानं सगळ्यांदेखत धोंडबाला हार घातला. "याच्या सूचनेनं आपला एक माणूस वाचला!"

"मंग? मीच तर वाचलो!" धोंडबा गुरकावला.



"हो, तूच. सोमवारपासून दोन्ही मशिनी लेथवाला पाहील. तू येऊ नको."