पुलावरची ती जागा

सरहद्दीच्या नाक्यावरच्या शिपायानं दोन्ही अमेरिकन पासपोर्ट ठेवून घेतले आणि पुलाकडे हात केला. "छत्री उघडू नका, वाऱ्यानं उलटेल," एवढंच तो म्हणाला.

पुलाच्या तोंडाशी एक उंच, पांढऱ्या केसांचे गृहस्थ टोपी हातात धरून उभे होते. श्रीरंगनं ओळखलं, हेच म्वाले. जन्मभर रेल्वेचं इंजिन चालवून निवृत्त झालेले. इथल्या लिव्हिंगस्टन गावात विक्रम ज्या शाळेत गणित शिकवायचा, तिच्या शेजारीच त्यांचं घर होतं. 'या, जागा मी दाखवतो,' असं त्यांनीच कळवलं होतं.

"प्रवास नीट झाला?" त्यांनी विचारलं.

"हो," श्रीरंग म्हणाला. उत्तरानं नुसते हात जोडले.

तिघं चालू लागले. धबधबा अजून दिसत नव्हता, पण त्याचा आवाज पायांतून जाणवत होता. इथले लोक त्याला गरजणारा धूर म्हणतात. त्या धुराचे तुषार पुलावर येत होते. श्रीरंगनं दोनदा चष्मा पुसला, मग नाद सोडला.

"माझी बायको या पुलावर येत नाही," म्वाले म्हणाले. "घरी तुमच्यासाठी स्वयंपाक करतेय. तुम्ही मांस खात नाही हे तिला माहीत आहे. विक्रमनं सांगितलं होतं."

ते नाव ऐकून उत्तराचं पाऊल अडखळलं.

न्यू जर्सीत ते नाव हल्ली कुणी घेत नसे. चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये इथून फोन आला होता. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. आयसेलिनच्या त्यांच्या घरात विक्रमच्या खोलीचं दार बंद असे. उत्तरा अजूनही तिघांचा स्वयंपाक करी आणि एकाचं जेवण तसंच उरे. निघायच्या आदल्या दिवशी शेजारची नीला येऊन बसली होती.

"कशाला स्वतःला टॉर्चर करतेस, उत्तरा? ट्रिप कॅन्सल कर. तिथे जाऊन काय बदलणार आहे?"

"काही नाही," उत्तरा म्हणाली होती. "पण गेल्याशिवाय मला श्वास घेता येणार नाही."

पुलाच्या मध्यावर म्वाले थांबले. त्यांनी कठड्यावर तळहात ठेवला.

"इथे," ते म्हणाले. "नदी अशीच भरलेली होती. लोखंड असंच ओलं. खाली इंद्रधनुष्य दिसतं ना, ते बघायला वाकला."

उत्तरानं खाली पाहिलं. पांढरा धूर, आणि तो विरला की खूप खोलवर काळपट हिरवं पाणी.

"ओरडला का हो?"

"या आवाजात कुणाला कळणार?"

"फार वेळ नसेल ना लागला?"

"नाही," म्वाले पटकन म्हणाले.

तिनं पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. हॉटेलच्या बागेतली चाफ्याची फुलं होती. ओंजळ तिनं आधी म्वाल्यांपुढे धरली. ते गोंधळले, मग त्यांनी एक फूल उचललं. तिघांनी फुलं सोडली. खालून येणाऱ्या वाऱ्यानं ती वर उडवली, पुलाच्या पलीकडे नेली आणि मगच खाली जाऊ दिली.

तेवढ्यात मालगाडी आली. तिघं कठड्याला चिकटून उभे राहिले. पूल थरथरत होता. म्वाल्यांनी उत्तराचा दंड घट्ट धरला होता, आणि शेवटचा डबा गेल्यावरही तो सोडायचं त्यांना भान राहिलं नाही.

"आता लग्न झालं असतं त्याचं," ते म्हणाले.

उत्तरानं मान हलवली. तिला रडू आवरेना.

श्रीरंगनं विमानात एक वाक्य जुळवलं होतं. इंग्रजीत, साधंच. पहाटे हॉटेलच्या आरशासमोर ते म्हणूनही पाहिलं होतं. आता तो पुन्हा चष्माच पुसत राहिला.

"अहो, बोला ना," उत्तरा मराठीत पुटपुटली. "एवढ्यासाठीच आलो ना आपण?"

"नाही जमत गं."

म्वाल्यांना भाषा कळली नाही. त्यांनी श्रीरंगच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याच्या भिजलेल्या खांद्यावर हात ठेवला.

"राहू द्या. मीच बोलतो," ते म्हणाले. "पुढच्या वेळी विक्रमला सोबत आणा. माझ्या पोराचा, जोसेफचा हात त्यानं किती घट्ट धरून ठेवला होता, ते नाक्यावरच्या माणसांनी पाहिलंय. तरी तो हात निसटला यात त्याचा काही दोष नाही, हे मला त्याला समोर बसवून सांगायचंय."