नाल्याच्या उतारावर

काजलचा नवरा राजकुमार कावीळ होऊन गेला, तेव्हा त्याचा ट्रक विकायला तिनं साफ नकार दिला. ती स्वतःच चालवायला शिकू लागली. शेजारच्या सीटवर उस्ताद म्हणून बसले सासरे कडूबा, जन्मभराचे ड्रायव्हर.

मलकापुरात कापूस उतरवून परत येताना गावाअलीकडे नाल्याचा उतार लागायचा. तिथं चौथ्यातून तिसऱ्यात येताना गिअर असा खरखरायचा, की अख्ख्या गावाला कळायचं, काजल आली.

"असं नाही वं माय," कडूबा सांगायचे. "क्लच दाबून न्यूट्रल कर, जराशी रेस दे, मंग पुन्हा क्लच दाबून तिसरा टाक. आपला राजू टाके, तवा इंजिन कसं हुंकार दे!"

एका संध्याकाळी जमलं. गिअर अलगद बसला आणि इंजिन हुबेहूब तसंच हुंकारलं. कडूबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. कधी एकदा सासूबाईंना सांगते, असं काजलला झालं.

ट्रक अंगणात थांबला, तर सासूबाई पिठाच्या हातांनीच दारात धावत आलेल्या. मागं चुलीवर पाणी उकळत होतं.

"आला काय रे राजू? पाणी तापलं, आंग धुऊन..."

केबिनमधून काजल उतरली.



दुसऱ्या दिवसापासून नाल्याच्या उतारावर काजल मुद्दाम गिअर खरखरवते, आणि कडूबा तिला टोकत नाहीत.