धाकटीचा वाण

धाकटीने फ्रीझरमधली जुनी कुपी उचलली, तिच्या जागी नवी ठेवली आणि दार लावलं. दोन्ही कुप्यांवर खूण एकच, अक्षरही तिचंच. कुणाला संशय यायचं कारण नव्हतं.

तिला नावाने कुणी हाक मारत नसे. भावजी प्रयोगशाळेचे प्रमुख. ते घरी तिला धाकटी म्हणत, म्हणून कामावरही सगळे तेच म्हणू लागले. साहेबांची मेव्हणी, एवढीच तिची ओळख.

जुन्या कुपीतला जिवाणूंचा वाण तिनेच घडवला होता. रक्ताच्या एका आजारावर लागणारं प्रथिन पूर्वी जनावरांच्या रक्तातून थेंबाथेंबाने काढावं लागे. धाकटीने त्याचा जनुक जिवाणूत बसवला आणि जिवाणू ते प्रथिन धडाधड करू लागले. शोधनिबंध छापून आला तेव्हा वर भावजींचं नाव होतं. धाकटी शेवटच्या ओळीत होती, आभारात, काचसामान पुरवणाऱ्याच्या शेजारी.

ती निबंध घेऊन तडक ताईकडे गेली. ताई ओट्याशी भाजी चिरत होती.

"घरातच राहिलं ना शेवटी?" ताई म्हणाली. "परक्याने तर नेलं नाही?"

"घरातल्याने केलेल्या चोरीला काय म्हणतात गं, ताई?"

ताईने मान वर केली नाही. "हळू बोल. ते आत आहेत."

तेव्हापासून धाकटी हळू बोलायला लागली. इतकी हळू, की तिचा राग गेला असंच सगळ्यांना वाटलं.

एक मोठी औषध कंपनी तो वाण घेणार होती. त्याआधी मोठ्या टाकीत चाचणी व्हायची होती, कंपनीच्या लोकांसमोर. धाकटीने ठरवलं, भावजींचं नाक कापायचं ते तिथेच.

जनुक म्हणजे जिवाणूला दिलेली लेखी कृती. तिच्यातला एकच शब्द अनेक तऱ्हांनी लिहिता येतो. काही तऱ्हा जिवाणू घडाघडा वाचतो, काहींवर अडखळतो. पहिल्या वाणात तिने सोपे शब्द वेचून घातले होते. आता तितकंच मन लावून तिने अवघड शब्द वेचले. प्रथिन तेच राहणार, पण जिवाणू वाचता वाचता रडकुंडीला येणार आणि टाकीत खडखडाट होणार. नवा वाण आधी छोट्या चंबूत तपासून बघायची तिला गरज वाटली नाही. वैऱ्याच्या ताटातलं मीठ कोण चाखून बघतं?

चाचणी जवळ आली तसे भावजी भलतेच गोड झाले.

"टाकी तूच चालव," एकदा तिच्या टेबलाशी येऊन ते म्हणाले. "पाहुण्यांपुढेही तूच उभी राहा. मी आपला मागे बसतो."

"काम तुमचं, भावजी. तिथे मी कशाला?"

"अगं, घरात माझं-तुझं काय असतं?"

धाकटी हसली. हमाली माझी आणि हार तुमचा, ती मनात म्हणाली. या वेळी हारासाठी मान पुढे कराच.

चाचणीच्या दिवशी काचेच्या भिंतीपलीकडे टाकी घुमत होती. अलीकडे खुर्च्यांवर पाहुणे बसले होते. मधोमध कंपनीच्या संचालक बाई होत्या, पिकल्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. भावजी अगदी शेवटच्या रांगेत होते आणि त्यांच्या शेजारी ताई.

धाकटीने टाकीतलं थोडं द्रावण काढलं, जिवाणू फोडले आणि नळी यंत्रात घालून गरगर फिरवली. एरवी नळीच्या तळाशी दाट पांढरा गाळ बसायचा. प्रथिनाच्या गुठळ्याच त्या. धुऊन, विरघळवून त्यातलं जेमतेम निम्मं कामी यायचं. आज तळ जवळजवळ रिकामा होता.

धाकटीच्या काळजात गारवा पसरला. तिने नळी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली आणि भावजींकडे बघितलं. ते घाबरलेले दिसेनात. उलट पाय पसरून निवांत बसले होते. तिला ते खटकलं.

"वरचं पाणीही तपासा," संचालक बाई म्हणाल्या.

त्यात काय असणार? तरी तिने एक थेंब चाचणीच्या तबकडीत टाकला. कामाचं प्रथिन असलं की ती पिवळी पडायची. तबकडी क्षणात गर्द पिवळी झाली. तिने पाणी घालून थेंब पातळ केला. पुन्हा पिवळी. आणखी पातळ केला, तरी तेच. कंपनीचा तपासनीस उठून जवळ आला, त्याने स्वतः करून बघितलं.

"आधीच्या वाणाच्या कितीतरी पट आहे," तो म्हणाला. "आणि सगळंच्या सगळं कामाचं."

आता धाकटीच्या लक्षात आलं. घाईघाईने विणलेली प्रथिनाची साखळी गुंतायची आणि गाळ होऊन बसायची. अडखळत, सावकाश विणलेलीची घडी नीट पडत होती. गुठळी होत नव्हती, सगळं प्रथिन पाण्यातच उरत होतं. भावजींचं वाटोळं करायला निघालेल्या तिने स्वतःच्या हातांनी त्यांच्या पानात पक्वान्न वाढलं होतं.

टाळ्या सुरू झाल्या. शेवटच्या रांगेतून भावजी कोट सारखा करत लगबगीने पुढे आले. त्यांनी संचालक बाईंपुढे हात केला.

"म्हणजे त्याचं असं आहे, हे आमचं अनेक वर्षांचं..."

बाईंनी तो हात घेतला नाही. त्यांना वळसा घालून त्या धाकटीसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"अभिनंदन. करार तुमच्याशी करू."

"माझ्याशी?" धाकटी म्हणाली. "पण वाण तर भावजींच्या नावावर आहे."

"होता," बाई म्हणाल्या. "काल बैठकीत त्यांनी आम्हा सगळ्यांसमोर हात झटकले. म्हणाले, मोठ्या टाकीत याचा नुसता गाळच होईल, हा वाण आपटणार, तेव्हा आधीच सांगून ठेवतो, तो पहिल्यापासून एकट्या मेव्हणीचा आहे, निबंधावर माझं नावसुद्धा तिनेच भिडेखातर घातलं."